टवका उडालेल्या काचेचे मोल

काचेच्या भांड्याला टवका उडाला की त्याची किंमत संपली, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. फुटकी काच घरात ठेवू नये असे वडीलधारी माणसे सांगतात आणि ते भांडे मागच्या दाराने भंगारवाल्याकडे जाते. भंगारवाला ते किलोवर घेतो. फुटलेली काच पुन्हा भट्टीत वितळते, शिवाय नव्या कच्च्या मालापेक्षा कमी उष्णतेत वितळते. म्हणून तिला किलोला काही रुपये तरी मिळतातच. ही झाली सर्वांत खालची पायरी. पण त्याच गोणीतून एखादे भांडे कोणी बाजूला काढून ठेवतो, आणि महिन्याभराने ते शंभरपट किमतीला विकले जाते. असे का होते, टवक्याने नेमके किती पैसे कमी होतात आणि ते कोणी ठरवावे, याचा विचार मला या लेखात करायचा आहे.

या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच, की माझे वडील पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी पथारी टाकतात, आणि मी शाळेत असल्यापासून तिथे बसते. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. त्यामुळे लेखात काही पुस्तकी शब्द आले तर ते इथले आणि काचेची माहिती बरीचशी पथारीवरची, असे वाचकांनी समजावे.

प्रथम वस्तूची ओळख. बाजारात ज्याला लोक सरसकट 'कटग्लास' म्हणतात, त्यातला मोठा भाग कापलेल्या काचेचा नसून साच्यात दाबलेल्या काचेचा असतो. वितळलेल्या काचेचा गोळा लोखंडी साच्यात टाकायचा, तो कात्रीने तोडायचा आणि वरून दट्ट्या दाबायचा. नक्षी साच्यातून उमटते आणि आतली बाजू दट्ट्याच्या आकाराची होते. म्हणून ओळखीची पहिली खूण आतल्या बाजूला असते. भांड्यात बोट फिरवावे. बाहेर कंगोरे असून आत गुळगुळीत लागले, तर ते दाबलेले समजावे. बाहेरचा फुगीर भाग आत खोलगट लागला, तर ते साच्यात फुंकलेले. कापलेल्या काचेतही आत गुळगुळीत लागते. पण तिच्या नक्षीच्या धारा बोटाला टोचतात, दाबलेल्या काचेच्या धारा बोथट असतात. शिवाय साच्याचे तुकडे जिथे जुळतात तिथे बारीक उभी रेघ राहते. कटिंग चहाचा जाड, रेघांचा पेला प्रत्येकाने हातात घेतलेला आहे. तो याच कुळातला.

हे तंत्र यंत्राच्या साहाय्याने प्रथम वाढले ते अमेरिकेत. पिट्सबर्गच्या जॉन बेकवेल यांनी कपाटाच्या काचेच्या मुठी दाबून करण्याचे पेटंट १८२५ मध्ये घेतले. त्याच वर्षी डेमिंग जार्व्हिस यांनी मॅसॅच्युसेट्समधील सँडविच या गावी काचेचा कारखाना काढला आणि तिथल्या दाबलेल्या थाळ्या पुढे एवढ्या प्रसिद्ध झाल्या की 'सँडविच ग्लास' हे त्या प्रकारचेच नाव होऊन बसले. आरंभीच्या या थाळ्यांची सगळी पार्श्वभूमी बारीक ठिपक्यांनी भरलेली असे. ती हौस नव्हती. थंड साच्याला लागून काचेवर सुरकुत्या पडत, त्या ठिपक्यांत लपत. म्हणजे दोष झाकण्याची कला या धंद्यात पहिल्या दिवसापासून आहे! पुढे १८६४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील व्हीलिंग येथे विल्यम लेटन यांनी शिशाऐवजी सोडा आणि चुना वापरून स्वच्छ, स्वस्त काच केली. दाबलेले काचसामान सामान्य माणसाच्या टेबलावर आले ते त्यानंतर.

ही शेवटची गोष्ट किंमत ठरवताना फार उपयोगी पडते. भांडे वाजवून पाहायचे आणि 'टण्' असा लांब आवाज आला तर अभंग, 'खट्' असा आला तर तडा, ही परीक्षा आपल्याकडे मडक्यापासून सगळीकडे लावतात. शिशाच्या काचेला ती बरीचशी लागू पडते. पण सोड्याची जाड, दाबलेली काच चांगली धडधाकट असली तरी खट्च वाजते. नुसत्या आवाजावरून तडा आहे असे सांगणारा माणूस एक तर अडाणी असतो, नाही तर फार हुशार.

आता नुकसानीकडे वळू. काचेत जे वावगे दिसते त्याचे मी दोन वर्ग करते: भट्टीत झालेले आणि घरात झालेले. बुडबुडा, कात्रीच्या जागी उमटलेली गवताच्या काडीएवढी खूण, सुरकुती, सांध्याची खरखरीत रेघ, साचा नीट न भरल्यामुळे अर्धवट राहिलेली पाकळी, ही सारी भट्टीतली. संग्राहक त्यांचे पैसे फारसे कापत नाहीत. उलट जुनेपणाची साक्ष म्हणून काही जण त्यांचे कौतुकच करतात. टवका, तडा, ओरखडे आणि काच पांढुरकी होणे ही घरातली. त्यांचे पैसे कापले जातात. म्हणून विकणाऱ्याचे हित दोष भट्टीतला म्हणण्यात आणि घेणाऱ्याचे हित तो घरातला म्हणण्यात असते. सगळा तंटा इथे आहे.

यात सर्वांत फसवी जोडी म्हणजे सुरकुती आणि तडा. दोन्ही रेघच दिसतात. सुरकुतीच्या कडा गोलसर असतात, ती पृष्ठभागावरच राहते आणि भांडे उजेडात कसेही फिरवले तरी तिचे रूप फार बदलत नाही. तडा काचेच्या आत शिरलेला असतो. भांडे हळूहळू तिरके केले की एका विशिष्ट कोनात तो आरशासारखा चमकतो आणि पुन्हा नाहीसा होतो. दुधी, अपारदर्शक काचेत ही चमक दिसत नाही; तिथे नख आडवे फिरवावे, आणि रेघेत चहाचा किंवा धुळीचा मळ आत ओढला गेला आहे का ते पाहावे. सुरकुतीतला मळ धुतला की निघतो, तड्यातला निघत नाही.

ओरखड्यांच्या बाबतीत एक युक्ती सर्रास चालते, ती विद्यार्थ्यांनाही विज्ञान म्हणून आवडेल. काचेला खोबरेल तेलाचा हात फिरवला की बारीक ओरखडे दिसेनासे होतात. कारण तेलातून आणि काचेतून जाताना प्रकाश जवळजवळ सारखाच वळतो. ओरखड्याची खाच तेलाने भरली की डोळ्याला ती कळत नाही. पाण्यानेही थोडे होते, पण कमी. तेव्हा बाजारात कोणी ओले किंवा तेलकट भांडे हातात दिले, तर आधी ते कोरड्या फडक्याने पुसावे. पांढुरकेपणाचेही तसेच. वरचा थर पाण्यातल्या क्षारांचा असेल तर तो व्हिनेगरने निघतो आणि भांड्याला भाव येतो. पण वर्षानुवर्षे ओलाव्यात राहून किंवा भांडी धुण्याच्या यंत्रात धुतली जाऊन काचच झिजली असेल, तर कशानेही निघत नाही. पुसण्यापूर्वी दोहोंतला फरक सांगता येणे हीच कमाई.

दुरुस्ती ओळखणे त्याहून अवघड. कडेचा टवका काढण्यासाठी सगळी कड घासून खाली आणतात. वरवर पाहता भांडे नवे होते. पण सांध्याची रेघ कडेच्या थोडी अलीकडे गोल वळून संपायला हवी, ती धारेपर्यंत येऊन तुटल्यासारखी दिसते. नक्षीतली वरची पाकळी बाकीच्यांपेक्षा बुटकी होते. जोडीतला दुसरा पेला शेजारी ठेवला तर उंचीत फरक पडतो. चिकटवलेला तुकडा असेल तर नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली बहुतेक वेळा डिंकाची रेघ वेगळी उजळते. हा छोटा दिवा आता फार महाग राहिलेला नाही, आणि त्याचा दुसराही उपयोग आहे: ज्या पिवळ्या-हिरव्या जुन्या काचेत युरेनियम घातलेले असते ती त्याखाली कच्च्या कैरीसारखी हिरवी झळकते. असा तुकडा टवक्यासकट विकला जातो.

इथे किमतीचा मुख्य प्रश्न येतो. मला वाटते, टवक्याने कमी होणारी किंमत ही टवक्याच्या आकारावर नाही, तर तसेच अभंग भांडे शोधून आणायला किती कष्ट पडतील यावर ठरते. अमेरिकेत १९२९ नंतरच्या मंदीच्या काळात रंगीत दाबलेल्या काचेच्या बशा-पेले इतके स्वस्त झाले होते की ते सिनेमाच्या तिकिटाबरोबर आणि ओटच्या डब्यातून फुकट वाटत. त्यांचा आज मोठा संग्राहकवर्ग आहे. पण त्यातल्या नेहमीच्या बशीला कडेवर टवका असेल तर तिला कोणी विचारत नाही, कारण शेजारच्या टेबलावर अभंग बशी असते. याउलट सँडविचच्या आरंभीच्या थाळीला दोन-चार टवके असणे लोक गृहीतच धरतात. एकच जखम, एकीचा जीव घेते आणि दुसरीला खरचटते.

जागेचेही महत्त्व आहे. बुडाच्या कडेखाली उडालेला टवका मांडणीत दिसत नाही. तोच तोटीवर किंवा पिण्याच्या कडेवर असेल, तर वापरणारा गिऱ्हाईक गेला. फक्त मांडणारा उरला. तड्याचे मात्र मी वेगळे धरते. टवका जिथे आहे तिथे राहतो, तडा पुढे सरकतो. भट्टीनंतर काच सावकाश थंड केलेली नसली तर तिच्यात ताण उरतो, आणि तडा गेलेल्या पेल्यात उकळता चहा ओतला तर तो हातात दुभंगू शकतो. असा पेला 'शोभेचा' म्हणून विकला तरी घेणारा घरी जाऊन त्यात चहा ओतणार नाही, याची खात्री कोणी द्यावी? आमच्या पथारीवर तडा गेलेल्या पेल्यात आई कागदाची चिठ्ठी घालते: 'चहा ओतू नये.' त्यामुळे गिऱ्हाईक कमी होते हे खरे आहे.

संचाचे गणित अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी मांडते. समजा, सरबताच्या सहा जुन्या पेल्यांचा संच ९०० रुपयांना जातो, म्हणजे पेल्याला १५० पडले. त्यातल्या एकाला टवका उडाला. पाचांचा संच कोणी मागत नाही. मग चारांचा संच १२० च्या दराने ४८० ला, उरलेला सुटा पेला ८० ला आणि टवक्याचा १० ला, असे ५७० रुपये हाती येतात. नुकसान १५० चे नाही, ३३० चे झाले. टवका एका पेल्याला, पण दंड सगळ्यांना. वर्गात सरांनी पूरक वस्तू शिकवल्या तेव्हा माझ्या डोळ्यासमोर हेच पेले आले.

आता एक अनुभव सांगते. आमच्याकडे कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यातल्या सामानाबरोबर एक लहानशी, ओंजळीएवढी काचेची टोपली आली होती. दुधी, सायीच्या रंगाची, फुले ठेवण्याची. बुडाला एक मोराचे डोके आणि एक चौकटीच्या पत्त्यासारखी खूण उमटलेली होती. मी फोनवर तिचे फोटो काढून ठेवले होते. जुन्या वस्तूंचे एक व्यापारी पथारीवर आले, त्यांनी टोपली नखाने वाजवली आणि म्हणाले, "काका, हिला तडा आहे. आवाज ऐकलात ना? भंगारातच जायची." अण्णांनी ती ५० रुपयांना दिली. त्या दिवशी माझी परीक्षा होती, मी तिथे नव्हते. संध्याकाळी अण्णांनी हे सांगितले तेव्हा मी फोटो उघडून बसले.

मोराचे डोके ही इंग्लंडमधील गेट्सहेड येथल्या सॉवरबी कारखान्याची १८७६ पासूनची खूण. चौकट ही इंग्लंडात नक्षीची सरकारी नोंद झाल्याची खूण. ती १८४२ ते १८८३ पर्यंत वापरात होती. तिच्या डोक्यावर रोमन तीन असेल तर वस्तू काचेची, आणि कोपऱ्यांतल्या अक्षरांवरून नोंदीचे वर्ष निघते. १८६७ पर्यंत वर्षाचे अक्षर वरच्या कोपऱ्यात, त्यानंतर उजव्या. अक्षरे मात्र क्रमाने नाहीत, तक्ता पाहावा लागतो. १८८४ पासून चौकट गेली आणि साधा क्रमांक आला. शिवाय हे वर्ष नक्षी नोंदवल्याचे असते, वस्तू दाबल्याचे नव्हे. तोच साचा पुढे कित्येक वर्षे चालू शकतो. फोटोतली रेघही मी मोठी करून पाहिली. ती आतल्या बाजूला, गोलसर कडांची आणि स्वच्छ होती. दोन महिन्यांनी तीच टोपली त्यांच्या दुकानातल्या कपाटात दिसली. शेजारी चिठ्ठी होती, २५०० रुपयांची. मी ती हातात मागून घेतली, नख फिरवले. सुरकुतीच होती. "तडा आहे का हो हिला?" मी विचारले. "छे, अगदी अभंग आहे," असे उत्तर आले.

घरी येऊन मी तावातावाने हे सांगितले. अण्णा शांतपणे म्हणाले, "आपण बंगल्यातून ती कितीला आणली होती?" सगळे टोपलेभर सामान २०० रुपयांना आणले होते. त्या घरातल्या आजींना अण्णांनीही, "आजी, हे सगळं फुटकं-तुटकं आहे," असेच सांगितले होते. आमच्या घरात त्या रात्री बराच वाद झाला. अण्णांचे म्हणणे असे, की मी आजींना खरी किंमत सांगितली तर माझी टेम्पोची भरपाई कोण करील, वाटेत फुटणाऱ्याचे काय, आणि जे सहा महिने विकले जात नाही ते कोणाच्या जिवावर पडून राहायचे? हे खोटे नाही. घेतल्या आणि विकल्या किमतीतल्या अंतराला सरसकट लूट म्हणणारे आमच्या वर्गातले मित्र एक दिवस उन्हात पथारीवर बसले, तर त्यांचे मत बदलेल. धोका पत्करणे, साठवणे, वाहून नेणे, ओळखणे, या साऱ्यांचे मोल आहे. परंतु नसलेला तडा दाखवण्याचे मोल नाही, असे मला वाटते, आणि ते दुकानदाराला लागू आहे तसे अण्णांनाही आहे. 'मला याचे इतकेच परवडते' असे म्हणता येते. तेवढ्याने सौदा मोडत नाही, हे गेल्या काही महिन्यांत मी पाहिले आहे. अण्णांना ते अजून सगळे पटलेले नाही. खरेदीला मी बरोबर असले की ते "फुटकं" हा शब्द उच्चारत नाहीत, एवढे झाले आहे.

आपल्या मुलखातल्या काचेविषयीही दोन शब्द लिहायला हवेत. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेला तळेगाव दाभाड्याचा पैसा फंड काच कारखाना १९०८ मधला, लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. कऱ्हाडजवळची ओगलेवाडी प्रभाकर कंदिलामुळे घराघरांत पोचली. या कारखान्यांचा ठसा असलेली वस्तू आली की इतिहासाची आवड असलेले गिऱ्हाईक टवका मोजत बसत नाहीत. त्यांना नाव वाचता आले पाहिजे. त्यामुळे इथे नियम उलटा होतो: बूड आणि ठसा शाबूत असेल तर कडेचा टवका क्षम्य, ठशावरच टवका असेल तर सगळेच गेले. फिरोजाबादच्या जैन कारखान्याच्या मासा किंवा हात असलेल्या चमकदार फुलदाण्या परदेशी संग्राहक शोधत असतात. त्या फुंकलेल्या, पातळ असतात, म्हणून या लेखाच्या कक्षेत येत नाहीत. पण त्यांचा रंगाचा वरचा मुलामा घासला गेला तर टवक्याइतकेच पैसे जातात, हे जाता जाता सांगून ठेवते.

शेवटी, पूर्ण फुटलेल्या भांड्यांबद्दल. त्यांची किंमत उरलेल्या भागात असते. अण्णांजवळ एक पत्र्याची ट्रंक आहे. तीत नुसती झाकणे, बुचे आणि सुट्या बशा आहेत. भांडे दोन भागांचे असेल तर बहुधा त्यातला एकच भाग फुटतो, आणि गावात कुठेतरी दुसरा भाग फुटलेले तसेच भांडे असते. झाकण जुळते की नाही हे नुसत्या व्यासावरून ठरत नाही; झाकणाची आतली पट्टी, नक्षीच्या पाकळ्यांची संख्या आणि काचेची छटा, तिन्ही पाहावी लागतात. पांढरी काचही उजेडात कोणी निळसर, कोणी करडी, कोणी पिवळसर असते. वेगळ्या घरची झाकणे जबरदस्तीने बसवून विकणारे आहेत. ते भांडे हलवले की खडखडते.

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षिका लोण्याच्या डबीचे बूड पिशवीत घालून आल्या. झाकण पडून फुटले होते, आणि डबी त्यांच्या सासूबाईंची. आम्ही ट्रंक उपसली. सात झाकणे काढली, एक बसले. खालच्या आणि वरच्या पाकळ्या चोवीस-चोवीस भरल्या, छटाही तीच. झाकणाच्या मुठीला मात्र तांदळाएवढा टवका होता. अण्णांनी तो आपण होऊन दाखवला आणि २५० रुपये सांगितले. अशी अख्खी डबी आमच्याकडे २०० ला मिळते. बाईंनी घासाघीस केली नाही. झाकण तीनदा उचलून तीनदा ठेवून पाहिले आणि पैसे मोजले.